निळी तुटक रेघ

तराजूकाकांना खरं म्हणजे फक्त एक खुर्ची हवी होती. बाकीचं जे झालं, म्हणजे स्वयंपाकघराची अर्धी भिंत गेली, टीव्ही महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसला आणि वरच्या मजल्यावरच्या चेअरमनांशी असलेलं वीस वर्षांचं बोलणं आठ दिवस बंद पडलं, ते सगळं त्या खुर्चीच्या मागून आलं. पण खुर्ची हवी आहे हे काकांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे दोष द्यायचा तरी कोणाला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

काका वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. चौतीस वर्षं दुकानोदुकानी जाऊन तराजूची दांडी सरळ राहते की नाही हे बघणारा माणूस, म्हणून सगळी इमारत त्यांना तराजूकाका म्हणायची. त्या चौतीस वर्षांत ते घरी असत ते जेवायला, झोपायला आणि सुट्टीच्या दिवशी आजारी पडायला. आता दिवसभर घरी राहायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याच घरात आपली अशी बसायची जागा नाही. सोफ्यावर बसावं तर चिरंजीव लॅपटॉप घेऊन येत आणि "बाबा, जरा सरका" म्हणत. जेवणाच्या टेबलाशी बसावं तर सूनबाईंची मीटिंग सुरू होई, आणि मागे बनियनमध्ये बसलेला सासरा कंपनीच्या धोरणात बसत नसे. दिवसा पलंगावर टेकलं की काकू येऊन कपाळाला हात लावून बघत.

खिडकीशी मात्र उजेड झकास यायचा. तिथे खुर्ची टाकावी, डोक्यावर एक दिवा असावा आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पण खिडकीशी काकूंचं शिवणाचं मशीन होतं. ते हलव म्हणायचं कोणत्या तोंडाने? शिवाय काकांनी जन्मात स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं. लग्न झाल्यावर पहिल्या दिवशी काकूंनी चहा कसा हवा म्हणून विचारलं होतं, तेव्हा ते "काहीही चालेल" म्हणाले होते. काकूंच्या माहेरी बिनसाखरेचा चहा प्यायचे. तेव्हापासून काका बिनसाखरेचा पीत होते.

तर अशा या माणसाने एका रविवारी, कोणाकडेही न बघता, एवढंच म्हटलं की घर जरा ठीकठाक करून घ्यायला हवं. घरात नवीन लग्न झालेलं जोडपं असताना हे वाक्य बोलू नये. काकांनी पेपरची घडी घालेपर्यंत सूनबाईंच्या फोनवर सतरा सोफे येऊन गेले होते आणि बुधवारी डिझाइनरबाई दारात उभ्या होत्या.

बाई आल्या त्या भिंतींकडे बघेनात, पडद्यांकडे बघेनात. घरात जी सगळ्यात उंच आणि अडचणीची स्टुलं असतात त्यातलं एक घेऊन बसल्या आणि माणसांकडेच बघत राहिल्या. कोणता रंग देणार म्हणून चिरंजीवांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या की रंग शेवटी, आधी माणसं. मग त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. त्या शिंप्याची मुलगी. वडिलांच्या दुकानात कापडाच्या चिंध्यांवर बसून लहानाच्या मोठ्या झाल्या. शिकल्यावर एका मोठ्या कंपनीत लागल्या, तिथे हॉटेलांच्या तीनशे तीनशे खोल्या एका मापाच्या आखायच्या. कोणत्या खोलीत कोण राहणार हे आखणाऱ्याला माहीत नाही आणि कोणी आखलं हे राहणाऱ्याला माहीत नाही. त्याचा वीट आला आणि त्यांनी नोकरी सोडली.

"माझे वडील सांगायचे," बाई म्हणाल्या, "टेप दिसला की गिऱ्हाईक पोट आत घेतं. त्या मापाचं शिवलं तर कपडे घातल्यावर श्वास घ्यायची पंचाईत. म्हणून ते आधी गिऱ्हाइकाला बोलतं करायचे. त्याच्या नोकरीबद्दल, त्याच्या सासऱ्याबद्दल. माणूस बोलायला लागला की पोट विसरतो. तेव्हा टेप लावायचा. मी घराचं तसंच करते."

काकांना हे बोलणं फार पटलं. मापाबद्दल इतक्या गांभीर्याने बोलणारं माणूस खात्याबाहेर त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यातून बाईंनी पिशवीतून चार छापील प्रश्नावल्या काढल्या. माणशी एक, प्रश्न बेचाळीस, एकमेकांना न विचारता भरायची. काकांचा जीव सुपाएवढा झाला. निवृत्त झाल्यापासून त्यांच्यासमोर कोणी फॉर्म ठेवलेला नव्हता.

त्यांनी दोन संध्याकाळी बसून तो भरला. उंची, चष्म्याचा नंबर, सकाळी उठण्याची वेळ, सगळं ठळक अक्षरात. फक्त सतराव्या प्रश्नाशी ते अडले. "घरात तुमची बसायची जागा कोणती? कोणती असावी?" काकांनी पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली आणि बारीक अक्षरात लिहिलं, "खिडकीशी." समोर काकू मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होत्या. काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, खोडरबर शोधलं, "खिडकीशी" पुसून टाकलं आणि पेनाने लिहिलं, "कुठेही चालेल." आणि खाली सही केली. सही मागितली नव्हती, पण सवयीने झाली.

बाईंची पुढची पद्धत अशी की त्या एक अख्खा दिवस येऊन घरात बसत. काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. कोण कुठून कुठे जातं, कुठे टेकतं, कुठे अडखळतं. आहात तसेच राहा, मी नाहीच असं समजा, एवढंच त्यांनी बजावलं होतं.

हे चेअरमनांच्या कानावर गेलं. चेअरमन म्हणजे इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष. ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही त्या विषयात ते जास्त खोलात शिरत. ते म्हणाले की बाई दिवसभर बसून बघणार म्हणजे घर बघण्यासारखं नको का? आपण कोणत्या थरातली माणसं आहोत हे पहिल्या भेटीतच ठसलं पाहिजे, नाहीतर ती प्लॅस्टिकचं कपाट सुचवून मोकळी होईल. वर आपली रिकामी खोली आहे, नको ते सामान चार दिवस तिथे टाका. काकूंना हे इतकं पटलं की त्यांनी चेअरमनांना तिथल्या तिथे चहा दिला.

आता घर नीट लावून देणारी बाई येणार म्हणून घर आधीच नीट लावून ठेवायचं, यात काहीतरी उलटं आहे असं काकांना अंधुकपणे वाटलं. पण तोवर गाठोडी बांधायला सुरुवात झाली होती. एकोणीस गाठोडी वर गेली. जुन्या चादरी, तीन पाय असलेलं टेबल, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले बरण्यांच्या झाकणांचे दोन डबे, आणि शेवटी काकूंचं मशीनसुद्धा. एक टीव्ही तेवढा राहिला. त्यावर शाल घातली.

मग तो दिवस उजाडला. बाई स्टुलावर वही घेऊन बसल्या आणि घरातल्या चार माणसांनी एकदम पोट आत घेतलं.

चिरंजीवांनी प्रश्नावलीत रोज व्यायाम करतो असं लिहिलेलं असल्यामुळे ते सकाळी सातला सतरंजी टाकून हॉलच्या मध्यभागी बैठका मारायला लागले. सातव्या बैठकीला पोटरीत गोळा आला, पण चेहऱ्यावर दिसू न देता ते तसेच लंगडत आंघोळीला गेले. सूनबाई खिडकीशी एक जाडजूड पुस्तक घेऊन बसल्या आणि दुपारपर्यंत त्यांनी एकशे बारावं पान वाचलं. दुपारच्या मालिकेतल्या सासूला रोज मोठ्याने चार गोष्टी सुनावणाऱ्या काकूंनी डोळे मिटून रेडिओवर सतार ऐकली आणि मध्येच दचकून जाग्या झाल्या. जेवताना सगळे एकमेकांना "तुला आणखी वाढू का" असं विचारत होते. शेवटी कोणाला काय वाढलं गेलं ते कळेना.

काकांनी मात्र कोणाच्या मध्ये यायचं नाही असं ठरवलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून उभेच राहिले. सोफ्याजवळ उभे राहिले तर बाईंना चिरंजीव दिसणार नाहीत म्हणून टेबलाजवळ गेले, तिथे सूनबाई झाकल्या जातील म्हणून दाराशी गेले. तीन वेळा तर काहीही लागत नसताना बाजारात जाऊन आले. ते बूट घालायला लागले की काकू सतार सोडून उठत आणि लवकर या म्हणून सांगायला दारापर्यंत येत. बाई मान खाली घालून लिहीत होत्या.

दहा दिवसांनी आराखडा आला. टेबलभर कागद पसरला आणि चौघं त्यावर वाकले. सगळं रंगीत होतं, सुबक होतं. हॉलच्या मध्यभागी हिरवं वर्तुळ होतं, ती चिरंजीवांच्या व्यायामाची जागा. खिडकीशी पिवळं वर्तुळ, तिथे सूनबाईंच्या वाचनाचा कट्टा. समोरची भिंत संगीतासाठी. टीव्ही कुठेच नव्हता. स्वयंपाकघराची अर्धी भिंत पाडायची होती, कारण हे कुटुंब जेवताना फार बोलतं असं बाईंच्या लक्षात आलं होतं.

काकांनी चष्मा पुसला आणि स्वतःला शोधायला सुरुवात केली. हॉलमध्ये ते नव्हते. दोन्ही बेडरूममध्येही नव्हते. एकदा वाटलं सापडलो, पण ते रोपट्याचं चिन्ह निघालं. शेवटी त्यांनी घसा खाकरून, दुसऱ्याच कोणाची चौकशी करावी तसं विचारलं की मी साधारण कुठे आहे.

बाईंनी एक तुटक रेघ दाखवली. लाल रंगाची. दारापासून निघून, टेबलाला वळसा घालून, हॉलच्या कडेकडेने खिडकीपर्यंत जाऊन परत दाराशी येत होती. "हे तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुम्ही फिरते आहात. कुठेही चालतं असं तुम्ही लिहिलंय, आणि त्या दिवशी तुम्ही एकदाही बसला नाहीत. म्हणून तुमच्यासाठी वाट मोकळी ठेवलीय. अख्ख्या घरात कुठेही अडणार नाही."

आपण घरातली वाट झालो आहोत हे त्यांच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. ते म्हणाले, "छान आहे."

त्या लाल रेघेच्या अगदी लागून एक निळी तुटक रेघ होती. लाल वळली की तीही वळत होती, लाल दाराशी गेली की तीही दाराशी जात होती. ही कशाची हे विचारावं असं काकांच्या मनात आलं, पण एकाच दिवसात दोन प्रश्न विचारणं त्यांना बरं दिसेना. पाण्याचा पाइप असेल असं समजून ते गप्प बसले.

मग भिंतीचं लचांड सुरू झालं. भिंत पाडायला कमिटीची परवानगी हवी होती. चेअरमन म्हणाले की मैत्री मैत्रीच्या जागी, आधी इंजिनिअरचा दाखला आणा. इंजिनिअर म्हणाला की दाखला देतो, पण आधी कमिटीची हरकत नाही असं पत्र आणा. चेअरमन म्हणाले की हरकत आहे की नाही हे दाखला बघितल्याशिवाय कसं कळणार. काका सहा वेळा वरखाली करून आले. सातव्या खेपेला जिन्यात थांबल्यावर त्यांना आठवलं की तराजूच्या शिक्क्यासाठी आलेल्या दुकानदारांना आपणही नेमकं असंच फिरवलेलं आहे, आणि त्यांनी कठड्याला धरून मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागितली.

शेवटी परवानगी मिळाली ती एकोणीस गाठोड्यांमुळे. चेअरमनांकडे त्यांचे साडू राहायला येणार होते आणि खोली रिकामी हवी होती. गाठोडी आजच्या आज खाली न्या, सही करतो, असं ते म्हणाले. यावर काकू जे बोलल्या त्यामुळे आठ दिवस बोलणं बंद राहिलं, पण सही झाली. भिंत पडत होती त्याच दिवशी गाठोडी घरी आली, आणि मशीनसकट सगळ्यांवर विटांच्या भुकटीचा पातळ थर बसला.

कामावर सुतारमिस्त्री होते. माणूस हुशार, पण त्यांना एक खोड होती. ते प्रत्येक गोष्ट मालकाला विचारत. खुंटी इथे ठोकू की तिथे? फळी वर घेऊ की खाली? काका म्हणत, कुठेही चालेल. असं चार दिवस झाल्यावर मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली आणि घराचे खरे मालक कधी भेटतील म्हणून काकूंना विचारलं. काकांना ते लागलं. आपणही काहीतरी आहोत हे दाखवणं भाग होतं. त्यांनी मिस्त्रींचा टेप हातात घेतला, टोकाचा पत्र्याचा आकडा हलवून बघितला, तर तो चांगला लटलट हलत होता.

काका आनंदले. असं माप वापरणं हा गुन्हा आहे, खात्यात असतो तर हा टेप जागच्या जागी जप्त केला असता, असं त्यांनी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मिस्त्रींनी शांतपणे बिडी कानामागे खोचली. आकडा फळीच्या कडेला अडकवून टेप ओढला, मग तोच आकडा भिंतीला टेकवून दाबला. ओढल्यावर तो पत्र्याच्या जाडीइतका पुढे येतो, दाबल्यावर तेवढाच मागे जातो, म्हणून दोन्हीकडून माप बरोबर येतं. तो हलतो तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो, काका, असं ते म्हणाले.

काकांनी तो आकडा स्वतः दोनदा ओढून आणि दाबून बघितला. मी वजन विभागात होतो, मापं शेजारच्या टेबलावर होती, असं ते म्हणाले. ते खरंही होतं. पण कोणी ऐकत नव्हतं.

महिन्याभरात काम संपलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. श्वास सुटला आणि पोटं बाहेर आली. व्यायामाच्या हिरव्या वर्तुळात कपडे वाळत घालायचा घोडा उभा राहिला. वाचनाच्या कट्ट्यावर बारा गाठोडी चढली, उरलेली खाली. संगीताच्या भिंतीपुढे टीव्ही आला आणि काकूंनी मालिकेतल्या सासूला महिन्याभराचं थकलेलं एका दुपारी सुनावलं. मशीनला मात्र खिडकीशी जागा उरली नव्हती, ते फ्रिजच्या आडोशाला उभं होतं.

काका आपल्या लाल रेघेवरून फिरत. खरोखरच कुठे अडत नव्हतं. दारापासून टेबलाला वळसा, हॉलच्या कडेने खिडकी, परत दार. तिसऱ्या दिवशी पाय भरून आले. तेव्हा त्यांना शोध लागला की दाराजवळ बुटांचं जे नवीन कपाट केलं आहे, त्यावर वीतभर रुंदीची फळी आहे, बूट घालताना टेकण्यापुरती. काका तिथे टेकले आणि एक बूट घालायला घेतला. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बूट घालणाऱ्या माणसाला कोणी सरक म्हणत नाही. बिचारा निघालाच आहे असं समजून सगळे वळसा घालून जातात. त्या दिवसापासून काका रोज सकाळ दुपार त्या फळीवर बसून एका बुटाची नाडी बांधत. बांधून झाली की सोडत आणि परत बांधत.

काम झाल्यावर महिन्याने, न सांगता दुपारी एक चक्कर मारायची, ही बाईंची शेवटची पद्धत. त्या आल्या तेव्हा दार उघडंच होतं आणि काका फळीवर नाडी बांधत होते. बाईंनी घोडा बघितला, गाठोडी बघितली, टीव्ही बघितला. सूनबाई शरमेने गाठोडी उचलायला लागल्या, तर त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं आणि काकांसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"काका, लबाड तराजू ओळखायचा कसा?"

असा प्रश्न काकांना निवृत्तीनंतर कोणी विचारला नव्हता. त्यांनी नाडी सोडली. मग ते सांगायला लागले. रिकामा असताना सगळे तराजू प्रामाणिक दिसतात, म्हणून रिकाम्या तराजूवर कधी विश्वास ठेवायचा नाही. दोन्ही पारड्यांत माल घालायचा, मग पारडी अदलाबदल करायची, आणि दांडीकडे न बघता दुकानदाराच्या मानेकडे बघायचं. एकदा एका म्हाताऱ्या दुकानदाराचा तराजू गिऱ्हाइकाच्याच बाजूने खोटा निघाला होता, पिढ्यानपिढ्या थोडं जास्तच देत होता बिचारा, त्याला दंडाची पावती देऊन आपण त्याच्याकडे न बघताच कसे निघालो, तेही त्यांनी सांगितलं. बोलता बोलता ते मागे रेलले. खांदे खाली आले, पाय पसरले गेले, पोट शर्टाची बटणं ताणून सुखाने बाहेर बसलं. तेवढ्यात गुडघ्याला काहीतरी गार लागलं. बाईंनी टेप लावला होता.

"आता हलू नका," त्या म्हणाल्या. गुडघ्यापर्यंतची उंची घेतली, पाठ घेतली, कोपर घेतलं. "मी फसले, काका. तुम्ही चौघांनी मिळून अख्खा दिवस श्वास धरून ठेवलात आणि मला ते कळलं नाही. बाबा असते तर त्यांनी कान पकडला असता." मग त्यांनी पिशवीतून काकांची प्रश्नावली काढली. "सतरावा प्रश्न परत विचारते. बसायची जागा कोणती?"

"कुठेही चा..." काकांनी सुरुवात केली. बाई पेन्सिल धरून थांबल्या होत्या. स्वयंपाकघराची अर्धी भिंत नसल्यामुळे आतून काकूही बघत होत्या. एवढ्या मोठ्या माणसाला एका खुर्चीसाठी रडू यावं याची त्यांना लाज वाटली, पण ते येत होतं खरं.

"खिडकीशी," ते म्हणाले. "डोक्यावर दिवा."

"मग बोलला का नाहीत?" काकू हात पुसत बाहेर आल्या. "मशीन मी भिंतीला लावलं असतं. एक शब्द टाकायचा होता."

काकांनी दुसरंच विचारलं. आराखडा आल्यापासून मनात होतं ते. म्हणाले की ती निळी रेघ पाण्याच्या पाइपाची असेल तर खिडकीशी खोदकाम करावं लागेल का.

बाई गोंधळल्या. कसला पाइप? मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पिशवीतून दुसरी प्रश्नावली काढून सतराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. काकूंचं गोल, शाळकरी अक्षर होतं. "हे जिथे बसतील तिथे शेजारी."

"तुम्ही बसलाच नाहीत," बाई म्हणाल्या. "मग मी यांना तरी कुठे बसवणार?"

काकू लगबगीने आत गेल्या आणि तिथे विनाकारण भांडी वाजली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि एकच बूट घातलेला आहे हे विसरून तसेच खिडकीपर्यंत गेले. गाठोडी त्यांनी स्वतः उचलली.

पुढच्या आठवड्यात खिडकीशी असलेला कट्टा निघाला, वर दिवा लागला आणि मिस्त्री दोन खुर्च्या घेऊन आले. एक काकांच्या मापाची, एक जरा बुटकी. कुठे ठेवू म्हणून त्यांनी विचारलं, उत्तर काय मिळणार ते माहीत असल्यासारखं. काकांनी त्यांच्याकडून टेप मागून घेतला. आकडा खिडकीच्या चौकटीला नीट दाबून त्यांनी एक खूण केली, तिथून टेप ओढून दुसरी खूण केली, आणि खुर्च्या त्या खुणांवर ठेवायला लावल्या. मिस्त्रींनी बिडी कानामागून काढून परत कानामागे ठेवली.

संध्याकाळी काका त्या खुर्चीत पेपर उघडून बसले. काकूंनी आतून सवयीने विचारलं, चहा ठेवू का?

"ठेव," काका म्हणाले. पान उलटलं. मग पेपरच्या आडून म्हणाले, "साखर घाल. दीड चमचा."

आत भांड्याचा आवाज थांबला. काकू चमचा हातात घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्याकडे बघतच शेजारच्या बुटक्या खुर्चीत बसल्या.

"इतकी वर्षं?" त्या म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. चहाला त्या दिवशी फार उशीर झाला.